ढोल्या गणपतीची पाठ आणि साडेतीन तारे

वाईतले घाट आणि देवळं दाखवणारी फेरी संपल्यावर आमच्या गाइड मुलानं माझ्याच फोनवर अभिप्रायाची लिंक उघडून फोन परत हातात दिला. "काका, पाच तारे द्या हं." म्हटलं, घरी जाऊन शांतपणे देतो. घरी आलो, साडेतीन द्यायचं ठरवलं, तर तिथं अर्धा तारा देण्याची सोयच नाही. तीन दिले तर पोराच्या पोटावर पाय, चार दिले तर माझ्या मनाला खोटं. म्हणून हे सविस्तर लिहायला बसलोय.

मी सांगलीचा. बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून बत्तीस वर्षं काढली. त्यामुळं भिंत दिसली की आधी तिच्या दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, बघतो, मग तिच्यावरचं चित्र. ही सवय घरच्यांना तापदायक आहे. लग्नाच्या मांडवातही मी कार्यालयाच्या बीमला गेलेली भेग बघत बसतो, असं आमच्या मंडळींचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं. पण वाईला जायची टूम तिचीच. कृष्णाबाईची ओटी भरायची होती. सांगलीत कृष्णा दारात असताना ओटी भरायला वाईला कशाला, असं मी विचारलं. "माहेरी जाऊन भरायची असते," एवढंच उत्तर मिळालं. नदी महाबळेश्वरला उगवते, वाई तिथून जवळ, तेव्हा माहेर म्हणायला हरकत नव्हती.

सांगलीहून स्वारगेटची एसटी पकडली, पाचवड फाट्यावर उतरलो, तिथून वडापच्या जीपनं वाईत. मुक्काम एका साध्या लॉजवर. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, गरम पाणी सकाळी सहा ते सात एवढाच तास.

फेरीचे दोघांचे मिळून बाराशे रुपये. चहा त्यात धरलेला, मेणवलीची रिक्षा वेगळी. आम्ही अकराजण होतो, बहुतेक पुण्या-मुंबईचे. गाइड म्हणजे पंचविशीतला मुलगा, वाईचाच. गळ्यात छोटा स्पीकर, तोंडाशी माइक. सकाळी साडेसातच्या घाटावर माइक कशाला लागतो ते मला समजलं नाही. पलीकडच्या काठावर धुणं आपटल्याचा आवाज इकडं स्वच्छ ऐकू येत होता.

पोरगा बोलतो मात्र छान. सात घाटांची नावं त्यानं एका दमात म्हणून दाखवली: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. प्रत्येक आळीचा घाट वेगळा आणि कृष्णाबाईचा उत्सवही ज्याचा त्याचा वेगळा, एकापाठोपाठ एक. अफझलखान वाईचा सुभेदार होता, १६५९ साली तो प्रतापगडावर चालून गेला, त्या संकटात शेंडेशास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला, तिथून हा उत्सव लागला, असं वाईकर सांगतात. ही कथा त्यानं रंगवून सांगितली. आमच्या मंडळींनी तिथंच पदर खोचला, पिशवीतून खण-नारळ काढला. दहा माणसं थांबली, पोरगाही थांबला. एरवी घड्याळ बघत होता, त्या वेळी नाही बघितलं. त्याबद्दल अर्धा तारा माझ्याकडून आधीच जमा.

आता ढोल्या गणपती. हे देऊळ बघायचं म्हणूनच मी इतक्या लांब आलो होतो आणि इथंच माझं गाइडशी पहिलं वाजलं.

गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये हे बांधलं. रास्ते म्हणजे पेशव्यांचे सोयरे. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई ह्या वाईच्या रास्त्यांची लेक. पैसा होता, हौस होती, आणि त्यांनी नेमकी नदीच्या काठाला लागून जागा धरली. आत मूर्ती एकाच दगडातली, माणसाच्या उंचीची आणि उंचीपेक्षा रुंद. समोर उभं राहिलं की 'ढोल्या' हे नाव कुणी ठेवलं असेल ते विचारावं लागत नाही. आमच्या गटातले सगळे दर्शन घेऊन, फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर. गाइड म्हणाला, "देवळाची मागची बाजू माशासारखी आहे, पुराचं पाणी अडू नये म्हणून. चला, पुढं काशी विश्वेश्वर."

एवढंच? ज्या गोष्टीमुळं हे देऊळ अडीचशे वर्षांहून जास्त उभं आहे, तिला एक वाक्य?

मी मागं गेलो. गट पुढं गेला. पाणी जिकडून येतं तिकडं देवळानं पाठ केली आहे, आणि ती पाठ सपाट नाही. दोन्ही अंगांनी निमुळती होत मध्ये येते, होडीच्या नाळेसारखी. आमच्या सांगलीतल्या आयर्विन पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूला असंच नाक आहे. साइटवर त्याला आम्ही कटवॉटर म्हणायचो. पाणी सपाट भिंतीवर येऊन आदळलं तर सगळा दाब भिंत खाते, शिवाय दोन्ही कोपऱ्यांशी भोवरे होतात आणि ते पायाखालची माती उकरतात. बहुतेक वेळा भिंत दाबानं पडत नाही, पाया उघडा पडला म्हणून पडते. निमुळतं नाक काढलं की पाणी दुभंगून बगलेनं निघून जातं. हे पुलाच्या खांबाला सगळेच करतात. देवळाच्या पाठीला करायचं म्हणजे बांधणाऱ्यानं एक गोष्ट आधीच कबूल केली होती: इथं पाणी येणार. पावसाळ्यात कृष्णा फुगली की देवळात पाणी शिरतं, वाईकरांना त्याचं नवल वाटत नाही. पाणी येऊ नये म्हणून त्यानं देऊळ वर नेलं नाही. आलेलं पाणी वाटेला लावून द्यायची सोय केली.

२०१९ साली आमच्याकडं आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या घरात खिडकीच्या गजापर्यंत पाणी होतं, पाचव्या दिवशी ओसरलं, आणि कंपाउंडची भिंत आडवी झालेली. माझीच बांधलेली, सरळसोट, प्रवाहाला छातीवर घेणारी. देवळाच्या त्या पाठीवर हात ठेवून उभा होतो तेव्हा मला ती भिंत आठवत होती, हे गाइडला कसं सांगणार.

जवळून बघितलं तर आणखी एक गंमत. त्या नाकाच्या दगडांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्यात, पण तळहात टेकवून हळूच खाली नेला तर टाकीचे घाव अजून लागतात. तिरपे, एका दिशेनं, साधारण बोटभर अंतरानं. मधेच एका दगडावर दिशा बदलते. तो पाथरवट डावखुरा होता की दुसऱ्या माणसानं तो दगड पुरा केला, देव जाणे. जोड इतके घट्ट की नाण्याची कड शिरेना. मी रुपयाचं नाणं घालून बघितलं, एका म्हातारबुवांनी हटकलं, "काय शोधताय?" म्हटलं, जोड बघतोय. ते म्हणाले, "जोड बघणारा पहिलाच बघतोय." मग दहा मिनिटं आम्ही दोघं तिथंच. अमुक साली पाणी इथवर, तमुक साली तिथवर, असं ते काठीनं दाखवत होते. ह्या फेरीतला सर्वात चांगला भाग हा होता आणि तो फेरीत नव्हता.

परत येईस्तोवर गट काशी विश्वेश्वरापाशी वाट बघत होता. पोराचा चेहरा उतरलेला. "काका, वेळेचं गणित असतं हो." बरोबर आहे त्याचं. माझी चूक. पण गणितच चुकीचं मांडलंय हे त्याला कोणी तरी सांगायला हवं.

काशी विश्वेश्वराचा नंदी काळ्या दगडाचा, असा घोटलेला की अंगावर हात फिरवावासा वाटतो. गळ्यातल्या माळा, घंटा, पाठीवरची झूल, सगळं एकाच दगडातून काढलंय. नंदीपेक्षा मला त्याच्या घंटांच्या खालच्या बाजूचं काम आवडलं. जिथं कुणी वाकून बघणार नाही तिथंही कोरीव काम सोडलेलं नाही. वाकायला गुडघा लागतो, माझा एक शिल्लक आहे.

एक तक्रार, आणि ती कुणा एकावर नाही. वाटेत एका जुन्या बांधकामाच्या दगडांमध्ये सिमेंटनं दरजा भरलेल्या दिसल्या. हे करू नका हो. चुना श्वास घेतो, भिंतीतला ओलावा त्याच्यातून बाहेर पडतो. सिमेंट दगडाच्या अंगावर झाकण घालतं. ओलावा आतच राहतो, बरोबरचे क्षार दगडाच्या तोंडाशी येऊन साचतात, लोणा लागतो, आणि मग सिमेंट जसंच्या तसं राहतं, दगडच पापुद्र्यानं सुटतो. मी स्वतः सिमेंटवर बत्तीस वर्षं पोट भरलंय, तरी सांगतो. नवीन घराला सिमेंट, जुन्या दगडाला चुना. गटातल्या एका बाईंनी विचारलं, "चुना आता करतं कोण?" करणारे आहेत. चुन्याच्या घाण्यात मळून, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून करणारे आजही सापडतात, वेळ द्यावा लागतो एवढंच.

चहा झाला. चहा चांगला होता, पूर्ण गुण.

मग एका शाळेच्या कुंपणाची भिंत लागली. मुलांनी रंगवलेली. हल्ली गावोगावच्या भिंतींवर वारली माणसं फेर धरून नाचतात, मग ते गाव वारल्यांचं असो नसो. तसंच असेल म्हणून मी पुढं निघालो होतो, मंडळींनी थांबवलं. "अहो, हे बघा तरी." एका पोरानं किंवा पोरीनं घाट काढला होता. देवळाचा कळस वाकडा, पायऱ्यांना माप नाही, पण सर्वात खालच्या पायरीवर धुणं धुणारी बाई अशी काढलेली की तिच्या पाठीचा वाक बघून कळावं, ही चादर धुतेय, साडी नाही. मोठ्या चित्रकाराला न सुचणारी गोष्ट. गाइड इथं थांबलाच नाही. त्याच्या यादीत ही भिंत नव्हती. माझ्या मते वाईत आज जी लोकांसाठीची कला आहे, तिच्यात ही भिंत नंदीच्या खालोखाल धरावी. मंडळी म्हणाल्या, नंदीच्या वर.

मराठी विश्वकोशाचं ऑफिस ह्याच गावात आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे, त्यांच्या हाताखाली इथं बसून विश्वकोश घडला, पहिला खंड १९७६ मध्ये आला. नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा इथलीच. १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून रजा काढून विनोबा शिकायला आले ते ह्याच पाठशाळेत. फेरीत ह्यातलं एकही नाव नाही. मी विचारलं तर पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, तिथं फोटोला काही नसतं ना." खरं आहे, कागदाचा फोटो काय काढणार. पण निदान रस्त्यानं जाताना बोट तरी दाखव की. देवळं रास्त्यांच्या पैशानं झाली, विश्वकोश नुसत्या बसण्यानं झाला. बसून केलेल्या कामाला गावात एक फलक तरी हवा, असं बसून काम करणाऱ्यांच्या वतीनं म्हणतो. मी आयुष्यभर उभ्यानं केलं.

दुपारी मेणवली. तीन-चार किलोमीटर, रिक्षानं दहा मिनिटं. नाना फडणविसांचा वाडा, सहा चौकांचा. गाइडची खरी गाडी इथं सुटली. कोणत्या हिंदी सिनेमात कुठला हिरो कुठल्या पायरीवर बसला होता, हे त्याला पायरीसकट पाठ. घाटावर पंधरा मिनिटं सिनेमा चालला. पुण्याच्या दोन मुलींनी त्याच पायरीवर तसंच बसून फोटो काढले. मला राग आला नाही, उलट पोरी हसत होत्या ते बरं वाटलं. पण घाट चंद्रकोरीसारखा वळवलाय तो का, हे कुणी विचारलं नाही. सरळ घाटाला पाणी बाजूनं घासून जातं, वळवलेल्या घाटाच्या कुशीत ते जरा निवांत होतं. नहाणाऱ्या माणसाचा पाय सुटत नाही. हा माझा अंदाज, पायऱ्यांवर बसून केलेला.

घाटावरची घंटा मात्र त्यानं नीट दाखवली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळादेवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराला एक, भीमाशंकरला एक, तशी मेणवलीला ही. जवळ जाऊन बघा: घंटेच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा. समोर कृष्णा, शेजारी महादेव आणि विष्णू, आणि मध्ये ही आई-मूल. मंडळींनी दुरूनच हात जोडले. म्हणाल्या, "लेकुरवाळी आहे, म्हणजे आपलीच." मी हळूच बोटाच्या पेरानं टिचकी मारली. एवढ्याशा टिचकीला घंटेनं असा काही हुंकार दिला की मी दचकून मागं झालो. ओतकामात हवेचा बुडबुडा राहिला असता तर आवाज फुटका आला असता. तीनशे वर्षांनंतर इतका अखंड आवाज, ओतणाऱ्याला सलाम.

वाड्यात वरच्या मजल्यावर भिंतीवरची चित्रं आहेत. इथं पोरगा गप्प झाला, आणि त्यानं माइकही बंद केला. मला वाटतं त्यालाही ती आवडतात. लाल गेरू, एक मळकट हिरवा, काळी रेघ. काही ठिकाणी गिलावाच पडलाय, आणि पडलेल्या जागी आतला थर दिसतो: खाली भरड, वर घोटलेला बारीक थर. आमच्याकडचे गवंडी नव्या भिंतीला पुट्टी मारतात तेव्हा त्यांना वाटतं हे आताचं तंत्र. एका वेलीची रेघ बघत मी बराच वेळ उभा होतो. ब्रश एकदाच टेकवलाय, कुठंही परत फिरवलेला नाही, आणि पानाच्या टोकाशी रंग संपत आल्यामुळं रेघ विरळ झालीय. रंग संपला तिथं त्यानं पान संपवलं. मोबाइलच्या फ्लॅशनं फोटो काढू नका, एवढी विनंती पोरानं सगळ्यांना केली आणि एकानं काढला तेव्हा त्याला परत सांगितलं, आवाज न चढवता. ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला एक अख्खा तारा देतो.

धोमला शेवटी पळवलं. तिथल्या महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर आहे, कमळासारख्या कुंडात. कुंड भरलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं दिसतं म्हणे. आम्ही गेलो तेव्हा कुंड कोरडं होतं, कासव जमिनीवर. नरसिंहाचं देऊळ दहा मिनिटांत. धरणाच्या भिंतीकडं मी लांबूनच बघितलं. पुढं सांगलीत किती पाणी यायचं ते काही अंशी इथं ठरतं, त्यामुळं माझं तिच्याशी नातं जरा अवघड आहे.

जाणाऱ्यांसाठी: हिवाळ्यात जा. सकाळी सातला पोचा, अकरानंतर घाटाचा दगड तापतो आणि देवळात अनवाणी जायचं असतं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर मेणवलीच्या वाड्यातले जिने उंच पायऱ्यांचे आणि अंधारे आहेत, आधीच सांगून ठेवा. आणि गाइड घ्याच, नाही म्हणत नाही मी, पण त्याच्याआधी तासभर एकटे जाऊन घाटावर बसा.

निघताना मंडळींनी वाईच्या बाजारात दोन किलो हळद घेतली. सांगलीच्या माणसानं वाईत हळद घेणं म्हणजे काय, हे जाणकारांना सांगायला नको. पिशवी एसटीत मांडीवर घेऊन बसलो, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून वर टॉवेल घातला. हळद चांगली निघाली. हे आमच्या गल्लीत कुणाला कळवू नये.

पोराला मी शेवटी चार तारे दिले आणि खाली हे सगळं थोडक्यात लिहिलं: माइक नको, देवळाच्या पाठीशी दहा मिनिटं, शाळेची भिंत यादीत घे, विश्वकोशाकडं बोट दाखव. वाटलं, चिडेल. दोन दिवसांनी फोन आला. "काका, त्या पाठीमागच्या दगडांचं परत एकदा सांगा ना, मी लिहून घेतो." अर्धा तास सांगितलं. भोवरे कसे होतात ते सांगताना मी इकडं हातवारे करत होतो, त्याला कुठले दिसणार.

ते फेब्रुवारीत. श्रावणात एका पहाटे त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. फोटोत घाट नव्हताच, नुसतं गढूळ पाणी, आणि ढोल्या गणपतीच्या पाठीशी ते दोन्हीकडं फाकून निघालेलं, होडी चालल्यासारखं. खाली लिहिलं होतं, "काका, लागलं बघा पाठीला."

मी त्याला आयर्विनची पातळी कळवली आणि खालच्या मजल्यावरची गादी वर न्यायला घेतली.